माहुताचा मुलगा साबू

म्हैसूरच्या दसऱ्याची मिरवणूक आमच्या वाचकांपैकी पुष्कळांनी निदान दूरदर्शनवर तरी पाहिलेली असेल. साडेसातशे किलो वजनाची, सोन्याने मढवलेली अंबारी पाठीवर घेऊन हत्ती चालतो. पूर्वी त्या अंबारीत महाराज बसत, आता चामुंडेश्वरीची मूर्ती असते. ही अंबारी वाहणाऱ्या हत्तींची नावे म्हैसूरकरांना तोंडपाठ आहेत. जयमार्तंड, ऐरावत, द्रोण, बलराम, अर्जुन अशी ती यादी सांगितली जाते. जयमार्तंड हत्तीचे नाव तर राजवाड्याच्या एका प्रवेशद्वाराला दिलेले आहे. मात्र त्याच हत्तीच्या मानेवर बसून, लाखोंच्या गर्दीतून, वाद्यांच्या आणि तोफांच्या गदारोळातून त्या जनावराला शांतपणे चालवत नेणाऱ्या माणसाचे नाव विचारले, तर सांगणारा सापडत नाही. माहुताच्या नावाचे द्वार असल्याचे आमच्या तरी ऐकिवात नाही.

या बिनानावाच्या माणसांतल्या एकाचा मुलगा वयाच्या तेराव्या वर्षी लंडन आणि न्यूयॉर्कच्या चित्रपटगृहांच्या पाट्यांवर झळकला. त्याचे नाव साबू. आमच्या आजोबांच्या पिढीने त्याचे चित्रपट पाहिले, आमच्या वडिलांच्या पिढीला त्याचे नाव आठवते आणि आमच्या मुलांना तो माहीतच नाही. भारतीय चित्रपटाच्या इतिहासाच्या जाडजूड पुस्तकांत त्याला एखादी ओळ मिळते, तीही विदेशात नाव काढलेला मुलगा म्हणून. म्हणून आज त्याच्याविषयी थोडे विस्ताराने लिहीत आहोत. (हत्ती म्हटले की आमच्या वाचकांना १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीतील शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनची निशाणी आठवणार, हे आम्ही जाणतो. पण आजचा हत्ती मतपेटीवरचा नाही, कबिनीच्या काठचा आहे.)

म्हैसूर संस्थानात कबिनी नदीकाठी कारापूर नावाचे गाव आहे. २७ जानेवारी १९२४ रोजी साबूचा जन्म तेथे झाला. या भागातल्या काकनकोटेच्या जंगलात रानटी हत्ती पकडण्याचा मोठा खेडा भरत असे. शेकडो माणसे ढोल वाजवत, मशाली नाचवत हत्तींच्या कळपाला हाकत हाकत लाकडी कुंपणात आणीत. पुढे पाळीव हत्तींच्या मदतीने त्यांना बांधायचे, माणसाळवायचे, कामाला लावायचे. पाहुणे म्हणून व्हाइसरॉय आणि युरोपचे राजपुत्र येत. त्यांच्यासाठी उंच मचाण असे. मचाणाखाली जीव धोक्यात घालणारे लोक जेनू कुरुबासारख्या जमातींचे आदिवासी आणि पिढ्यान्‌पिढ्या माहूतकी करणारे गरीब मुसलमान. साबूचे घर या मुसलमान माहुतांपैकी. वडील महाराजांच्या हत्तीखान्यात नोकरीला. आई तान्हेपणीच गेली आणि साबूला पुरते कळू लागण्याच्या आतच वडीलही गेले. मागे राहिला एक थोरला भाऊ आणि वडिलांचा हत्ती. पोरका साबू हत्तीखान्यातच वाढला.

येथे थोडे थांबले पाहिजे. माहूतकी म्हणजे काय, याचा विचार आपण कधी करत नाही. हत्तीच्या कानामागे पायाची बोटे रुतवून, कोणत्या बोटाचा किती दाब दिला म्हणजे हत्ती वळतो, थांबतो, बसतो, मागे सरतो, हे माहुताला माहीत असावे लागते. अंकुश कोठे टेकवायचा आणि कोठे चुकूनही टेकवायचा नाही, मस्ती येण्याआधी जनावराच्या कानशिलाकडे कसे पाहायचे, तळपायाला जखम झाली तर ती कशी ओळखायची, हत्ती रोज किती वेळ पाण्यात लोळला पाहिजे, हे सारे त्याला शिकावे लागते. ते शिकायला आयुष्य जाते आणि चूक झाली तर जीव जातो. ही विद्या आहे. परंतु या देशाची रीत अशी, की गजशास्त्रावर संस्कृतात ग्रंथ झाला तो पालकाप्य ऋषींच्या नावावर जमा होतो आणि ज्याच्या हातून रोज ते शास्त्र वापरले जाते तो अडाणी ठरतो. म्हैसूरचे तेव्हाचे महाराज कृष्णराज वडियार हे त्या काळातील बऱ्या राजांपैकी होते. १९१८ साली त्यांनी मिलर समिती नेमून ब्राह्मणेतरांना सरकारी नोकरीची वाट मोकळी केली, याची आपल्या चळवळीने आदराने नोंद घेतलेली आहे. पण समितीचा कागद कचेरीपर्यंत पोहोचतो. हत्तीखान्यातल्या पोराला हत्तीखानाच.

१९३५ साली रॉबर्ट फ्लाहर्टी नावाचे अमेरिकन दिग्दर्शक म्हैसूरला आले. ध्रुवप्रदेशातील एस्किमो लोकांवर 'नानूक ऑफ द नॉर्थ' (१९२२) हा चित्रपट काढून ते जगप्रसिद्ध झाले होते. लंडनचे निर्माते अलेक्झांडर कोर्डा यांच्यासाठी त्यांना किपलिंगच्या एका गोष्टीवर चित्रपट काढायचा होता. हे रुडयार्ड किपलिंग आपल्या मुंबईतच जन्मले. वडील जे. जे. कलाशाळेत शिकवायला होते. साम्राज्याचा हा कवी मनाने कोणत्या बाजूचा होता ते सांगायला नको. गोष्ट होती तुमई नावाच्या माहुताच्या मुलाची, जो रात्री जंगलात हत्तींचा नाच पाहतो. चित्रपटासाठी असा मुलगा हवा होता, ज्याला हत्तीची भीती नाही आणि कॅमेऱ्याचीही नाही. छायाचित्रकार ऑस्मंड बोराडेल यांची नजर हत्तीखान्यातल्या साबूवर पडली. तो तेव्हा अकरा वर्षांचा होता.

इंग्रजी पुस्तकांत या प्रसंगाला साबूचा शोध असे म्हटले जाते. कोलंबसाने अमेरिकेचा शोध लावला, तसाच हा शोध. साबू तेथेच होता, रोज हत्ती धूत होता. पुढे कंपनीच्या प्रचारकांनी वर्तमानपत्रांतून गोष्टीही सोडल्या. तान्ह्या साबूचा पाळणा म्हणे हत्ती सोंडेने हलवीत असे. पोटासाठी राबणाऱ्या पोरक्या मुलाची अशी परीकथा केली, की त्याच्या पोरकेपणाबद्दल आणि मजुरीबद्दल कोणी प्रश्न विचारत नाही.

फ्लाहर्टी पतिपत्नी म्हैसूरला वर्षाहून कमी काळ राहिले नसतील. फ्रान्सिस फ्लाहर्टी यांनी त्या दिवसांवर 'एलिफंट डान्स' हे पुस्तकही १९३७ साली काढले. महाराजांचा प्रचंड हत्ती ऐरावत चित्रपटातला काला नाग झाला आणि साबू तुमई झाला. ते चित्रीकरण आज पाहिले तरी मन हरखते. उघड्या अंगाचा, फेटा बांधलेला मुलगा हत्तीच्या सोंडेवर पाय देऊन सरसर वर चढतो, नदीत त्याला आडवा पाडून घासतो, त्याच्या कानाशी वाकून बोलतो. एवढ्या मोठ्या जनावराला तो मालकासारखा हुकूम देत नाही, बरोबरीच्या माणसाशी बोलावे तसा बोलतो. पण फ्लाहर्टींची रीत संथ. फूटच्या फूट फिल्म खर्ची पडू लागली, गोष्ट मात्र पुढे सरकेना. कोर्डांनी सर्वांना लंडनला परत बोलावले आणि आपला भाऊ झोल्टान कोर्डा याच्याकडून उरलेला चित्रपट डेनहॅमच्या स्टुडिओत पुरा करून घेतला. त्यासाठी १९३६ साली साबूला भावासह बोटीने इंग्लंडला नेण्यात आले. इंग्रजी त्याला जवळजवळ येतच नव्हती. संवाद त्याने ऐकून ऐकून पाठ केले, आणि हळूहळू भाषाच आत्मसात केली.

'एलिफंट बॉय' १९३७ साली प्रदर्शित झाला आणि व्हेनिसच्या महोत्सवात त्याला उत्कृष्ट दिग्दर्शनाचे पारितोषिक मिळाले. पारितोषिक दिग्दर्शकांना, लोकांचे प्रेम साबूला. तो कोठेही गेला की गर्दी जमे. आता या चित्रपटातील एक बाब आमच्या वाचकांनी नीट लक्षात घ्यावी. साबू खरा माहुताचा मुलगा. पण पडद्यावर त्याचा बाप झालेला नट इंग्रज, डब्ल्यू. ई. हॉलोवे, चेहऱ्याला रंग फासलेला. हत्तींचा जाणकार मच्छुआ अप्पा हाही ॲलन जेज नावाचा इंग्रज, तोही रंगवलेला. एकटा मुलगा तेवढा आपल्या कातडीत. ज्याचा खरा माहूत बाप मेला त्या मुलाला पडद्यावर मिळालेला बाप हा असा.

समीक्षकांनी साबूची तोंड भरून स्तुती केली. त्या स्तुतीचा सूर मात्र सगळीकडे सारखाच होता. हा मुलगा अभिनय करत नाही, तो मुळातच असा आहे, असे ते म्हणत. रंग फासून माहूत झालेल्या इंग्रजाने केला तो अभिनय आणि साबूने केले ते निसर्गदत्त. वास्तविक पाहता, दिव्यांच्या उजेडात, न येणाऱ्या भाषेत, थंडगार डेनहॅममध्ये म्हैसूरचे जंगल आहे असे समजून रडायचे आणि हसायचे, याला दुसरे काय नाव द्यायचे? आणि म्हैसूरमधले दृश्य व डेनहॅममधले दृश्य यांत त्याच्या चेहऱ्यावर सांधा दिसू द्यायचा नाही, हे कसब नाही तर काय आहे? आमच्या मते साबूच्या पुढच्या साऱ्या आयुष्याची गाठ येथेच बसली. हाताने केलेले काम हे ज्याच्या त्याच्या जन्माचे फळ मानायचे आणि त्यातले शिक्षण, मेहनत, बुद्धी नाकारायची, ही खोड आपल्याकडे हजारो वर्षांची आहे. चांभाराच्या हातात कला असते असे म्हणायचे आणि त्याला कलावंत म्हणायचे नाही. लंडनला चातुर्वर्ण्य नव्हते, पण साबूला लावलेला न्याय आपल्याला परका वाटत नाही.

पुढच्याच वर्षी, १९३८ साली, कोर्डांनी 'द ड्रम' हा रंगीत चित्रपट काढला. साबू आता वायव्य सरहद्दीवरचा राजपुत्र अझीम झाला. दुष्ट चुलता इंग्रजांविरुद्ध उठाव करतो (चुलता अर्थातच रंगवलेला, रेमंड मॅसी) आणि हा गुणी राजपुत्र ढोल वाजवून इंग्रज फौजेला धोक्याची सूचना देतो. चांगला नेटिव्ह कोण, तर गोऱ्या साहेबाचा जीव वाचवणारा. मुंबईत आणि मद्रासला या चित्रपटाविरुद्ध जोरदार निदर्शने झाली आणि सरकारला तो येथील चित्रपटगृहांतून काढून घ्यावा लागला. निदर्शने योग्यच होती. पण त्या गदारोळात पडद्यावरचा चौदा वर्षांचा मुलगा कोण, तो कोणत्या घरातून तेथे गेला आणि त्याला कथा निवडण्याचा काही अधिकार होता काय, हा विचार करायला कोणाला सवड नव्हती. साम्राज्याने त्याला वापरले, देशाभिमान्यांनी त्याच्यावर बोट ठेवले. दोघांच्याही हिशेबात साबू नव्हता.

मग आला 'द थीफ ऑफ बगदाद'. इंग्लंडमध्ये चित्रीकरण सुरू असतानाच १९३९ च्या सप्टेंबरमध्ये महायुद्ध पेटले, म्हणून उरलेले काम अमेरिकेत जाऊन पुरे करावे लागले. चित्रपट १९४० साली पडद्यावर आला. छायाचित्रण, कलादिग्दर्शन आणि चमत्कृतिदृश्ये अशी तीन ऑस्कर पारितोषिके त्याने मिळवली. साबू झाला अबू, बगदादच्या बाजारातला भुरटा चोर. सोळा वर्षांचा साबू या चित्रपटात अक्षरशः उडतो. कोळ्याच्या प्रचंड जाळ्यावर चढतो, देवीच्या मूर्तीच्या कपाळावरचे रत्न काढतो, बाटलीतल्या राक्षसाला युक्तीने पुन्हा बाटलीत घालतो.

या चित्रपटाची कथा आमच्या वाचकांनी एकदा वेगळ्या नजरेने पाहावी. कथेत दोन नायक आहेत. एक गादीवरून हाकलला गेलेला राजा अहमद (जॉन जस्टिन) आणि दुसरा अबू चोर. तुरुंगाची किल्ली चोरतो अबू. वजिराच्या जादूने कुत्रा होतो अबू. जगाच्या टोकापर्यंत जातो अबू. राजाचा शिरच्छेद होणार तेव्हा उडत्या गालिच्यावरून येऊन वजिराला बाणाने मारतो तोही अबू. राजा प्रेम करतो आणि आंधळा होतो. शेवटी गादी राजाला, राजकन्या राजाला. एकाचे काम आणि दुसऱ्याचे राज्य.

याहून आम्हाला लागले ते शेवटचे दृश्य. राजा जाहीर करतो, की या मुलाला शाळेत घालू, शिकवू, आणि मोठेपणी वजीर करू. शाळेचे नाव ऐकताच अबूचे तोंड उतरते आणि तो गालिचा घेऊन पळून जातो. लंडनचे, पॅरिसचे प्रेक्षक खदखदून हसले असतील. ज्यांच्या घरी चार पिढ्या शाळेत गेल्या त्यांना शाळा ही कंटाळ्याची जागा वाटते, त्यापासून पळणे ही गंमत वाटते. पटकथा लिहिणाऱ्याला तसे वाटणे साहजिक आहे. पण ज्या समाजाच्या पोरांना शाळेच्या व्हरांड्यात गोणपाट टाकून बसावे लागले त्या समाजातला प्रेक्षक येथे हसत नाही. शाळा आणि वजीरपद दोन्ही मिळत असताना बाजारातला अनाथ मुलगा ते लाथाडतो, ही कल्पना ज्याला उपाशीपोटी शिकावे लागले त्याच्या डोक्यात येणार नाही.

याच चित्रपटातला बाटलीतला प्रचंड राक्षस झाला होता रेक्स इंग्राम, अमेरिकेतला कृष्णवर्णीय नट. पंचवीस-तीस पुरुष उंचीचा तो राक्षस आणि त्याच्या पायाशी चिमुकला अबू यांची जुगलबंदी हा चित्रपटाचा प्राण आहे. एकाला कातडीच्या रंगामुळे नोकर आणि राक्षस याखेरीज फारशा भूमिका मिळत नव्हत्या, दुसऱ्याला त्याच कारणाने फेटा आणि लंगोट याखेरीज वेश मिळत नव्हता. १९४० च्याच फेब्रुवारीत हॅटी मॅकडॅनियल या कृष्णवर्णीय अभिनेत्रीला ऑस्कर मिळाले, तेव्हा समारंभात तिला इतर कलावंतांपासून वेगळ्या टेबलावर बसवले होते. वेगळी पंगत काय असते हे आमच्या वाचकांना समजावून द्यायला नको. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ साली कृष्णवर्णीयांचे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले ते या दोन दुःखांचे नाते ओळखूनच.

१९४२ साली झोल्टान कोर्डांच्या 'जंगल बुक' मध्ये साबू मोगली झाला. त्या चित्रपटाच्या संगीताची तबकडी निघाली, तिच्यावर गोष्ट सांगणारा आवाज साबूचाच आहे. सहा वर्षांपूर्वी ज्याला इंग्रजी जवळजवळ येतच नव्हती तो आता घरोघरच्या अमेरिकन मुलांना इंग्रजीत गोष्ट सांगत होता. त्यानंतर हॉलिवूडच्या युनिव्हर्सल कंपनीने त्याला करारावर घेतले आणि 'अरेबियन नाइट्स', 'व्हाइट सॅव्हेज', 'कोब्रा वुमन' असे भडक रंगीत चित्रपट लागोपाठ काढले. नायक जॉन हॉल, नायिका मारिया मॉन्टेझ, आणि साबू नायकाचा हरकाम्या मित्र. मुलगा तरुण झाला होता. तरुण झालेल्या काळ्यासावळ्या नटाला नायिकेच्या जवळ उभे करायला तेथे कोणी तयार नव्हते. म्हणून वय वाढले तशी भूमिका लहान होत गेली.

४ जानेवारी १९४४ रोजी साबूला अमेरिकेचे नागरिकत्व मिळाले. याचे महत्त्व समजण्यासाठी वीस वर्षे मागे जावे लागेल. भगतसिंग थिंड हे अमृतसरकडचे शीख गृहस्थ. पहिल्या महायुद्धात ते अमेरिकन सैन्यात होते. वंश पाहून नागरिकत्व देणाऱ्या तेथील कायद्याखाली नागरिकत्वासाठी त्यांचा खटला न्यायालयात गेला. कायदाच अन्यायाचा आहे असे त्यांच्या बाजूने म्हटले गेले असते तर आम्ही त्यांना सलाम केला असता. त्यांच्या बाजूने युक्तिवाद झाला तो असा, की ते उच्चवर्णीय आर्य आहेत, म्हणून गोरे आहेत. आणि गोरा अमेरिकन निग्रोकडे ज्या नजरेने पाहतो त्याच नजरेने उच्चवर्णीय हिंदू येथील मूळनिवासींकडे पाहतो. सातासमुद्रापलीकडे जाताना माणूस सोबत काय काय घेऊन जातो पाहा! १९२३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हा दावा फेटाळला. सामान्य गोरा माणूस ज्याला गोरा समजतो तोच गोरा, असा निवाडा दिला. त्यानंतर ज्या भारतीयांना नागरिकत्व मिळाले होते त्यांतील अनेकांचे काढून घेण्यात आले. सर्वसाधारण भारतीयांसाठी हे दार १९४६ साली उघडले, आणि तेव्हाही नव्याने स्थलांतर करण्याची मुभा वर्षाला शंभर जणांपुरतीच होती. आर्यत्वाचा दाखला देऊन जे मिळाले नाही ते कारापूरच्या माहुताच्या मुलाला त्याआधी दोन वर्षे मिळाले होते.

साबू सैन्यात दाखल झाले. (जगाने त्यांना मरेपर्यंत पोऱ्या म्हटले. निदान येथून पुढे आम्ही त्यांना अहो-जाहो करणार आहोत.) लष्कराच्या जाहिरातीत हसून उभे राहण्याचे सोपे काम नटांसाठी राखीव असे. साबू बी-२४ लिबरेटर या बॉम्बफेकी विमानात तोफची झाले. विमानाच्या शेपटीत आणि पोटाखालच्या काचेच्या गोळ्यात, एका माणसापुरत्या जागेत, बंदुकीमागे तासन्‌तास बसायचे आणि मागून-खालून येणाऱ्या शत्रूच्या विमानाची वाट पाहायची, असे ते काम. प्रशांत महासागरावर त्यांनी डझनावारी मोहिमा केल्या आणि शौर्याबद्दल त्यांना डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस हे पदक मिळाले. येथे कोणी निसर्गदत्त म्हटले नाही. बंदूक चालवणे हे कौशल्य मानले जाते.

युद्धाहून परतल्यावर १९४७ साली मायकेल पॉवेल आणि एमरिक प्रेसबर्गर यांच्या 'ब्लॅक नार्सिसस' मध्ये त्यांना मनासारखी भूमिका मिळाली. हिमालयातल्या एका मठात ख्रिस्ती जोगिणी शाळा आणि दवाखाना चालवायला येतात. तेथल्या संस्थानिकाचा तरुण वारस, रेशमी कपडे, रत्ने आणि भपकेदार अत्तर लावून मठात येतो आणि मला शिकायचे आहे असे सांगतो. सात वर्षांपूर्वी ज्याला शाळेचे नाव काढताच पळवून लावले होते, तो नट आता पडद्यावर हातात वही घेऊन लहान मुलींच्या वर्गात येऊन बसतो. साबूंनी त्या तरुणाचा डौल, भाबडेपणा आणि पोकळपणा असा काही उभा केला आहे, की यात अभिनय नाही असे म्हणायला कोणाची जीभ रेटणार नाही. पण त्यांच्यासमोर पहाडी मुलगी कांची म्हणून उभी केली ती जीन सिमन्स ही इंग्रज मुलगी, अंगभर तपकिरी रंग लावून. हिमालयही खरा नव्हता, तो लंडनजवळच्या पाइनवुड स्टुडिओत काचेवर रंगवलेला होता. दहा वर्षे झाली होती, तरी रंगाची डबी तीच होती. कोणीही गोरा नट साबूंच्या जातकुळीचा होऊ शकत होता, साबूंना मात्र दुसरे काही होण्याची परवानगी नव्हती. डॉक्टर, वकील, पोलीस शिपाई, गाडीचा चालक, शेजारी राहणारा साधा माणूस, असे कोणी म्हणून कोर्डा, युनिव्हर्सल आणि पॉवेल यांपैकी एकानेही त्यांना उभे केले नाही.

उरलेले झपाट्याने सांगता येते. १९४८ साली त्यांनी एका अभिनेत्रीशी विवाह केला, दोन मुले झाली. 'मॅन-ईटर ऑफ कुमाऊँ', 'साँग ऑफ इंडिया', 'सॅव्हेज ड्रम्स' अशी चित्रपटांची नावे वाचली तरी आत काय असेल ते कळते. इटलीत जाऊन व्हित्तोरियो द सिका यांच्यासमवेत त्यांनी एका गरीब शाळामास्तराला हत्ती भेट देणाऱ्या राजाची भूमिका केली. १९५२ साली लंडनच्या हॅरिंगे येथे सर्कशीत हत्तींचा खेळ केला. ज्या शहराने पंधरा वर्षांपूर्वी त्यांना डोक्यावर घेतले होते त्याच शहरात तिकीट लावून पुन्हा हत्तीच्या मानेवर.

एकदा मात्र घरी परतण्याची वाट दिसली होती. मेहबूब खान मुंबईत 'मदर इंडिया' ची जुळवाजुळव करत होते. मेहबूब स्वतः घोड्यांच्या तबेल्यात काम करून वर आलेले. सावकाराविरुद्ध बंदूक उचलणाऱ्या बिरजूच्या भूमिकेसाठी त्यांच्या मनात साबू होते. विचार करा, लंगोट आणि दिवा सोडून साबू एकदा तरी कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याचा मुलगा झाले असते, आपल्याच भाषेत रागावले असते. पण साबू आता अमेरिकन नागरिक होते, येथे काम करण्याचा परवाना त्यांना मिळाला नाही. १९५७ साली चित्रपट आला, बिरजू झाले सुनील दत्त. साबूंनी एकाही भारतीय चित्रपटात काम केले नाही. अमेरिकेने भूमिका दिल्या त्या भारतीय म्हणून, भारताने परवाना नाकारला तो अमेरिकन म्हणून.

कॅलिफोर्नियात त्यांनी घरे-जमिनींच्या खरेदीविक्रीचा धंदा सुरू केला. हॉलिवूडच्या पदपथावर १९६० साली त्यांच्या नावाचा तारा बसवला गेला. त्याच वर्षी, कारापूरपासून सावलीसारखा सोबत आलेला थोरला भाऊ दरोडेखोरांच्या हातून मारला गेला. २ डिसेंबर १९६३ रोजी चॅट्सवर्थ येथील राहत्या घरी हृदयविकाराच्या झटक्याने साबू वारले. वय अवघे एकोणचाळीस.

त्यांचा शेवटचा चित्रपट वॉल्ट डिस्ने कंपनीचा 'अ टायगर वॉक्स'. तो १९६४ साली, त्यांच्या मृत्यूनंतर पडद्यावर आला. त्यात ते सर्कशीतल्या वाघांची देखभाल करणारा भारतीय आहेत. त्याचे नाव राम सिंग.